ग्रेडिंगला पाठवण्याआधी नाण्यावरचा कळंक: काय काढायचं, काय सोडायचं

जुनं नाणं हाती आलं की घरातल्या कुणाला तरी ते घासावंसं वाटतंच. देव घासतात त्याच चिंचेनं, लिंबानं किंवा भांड्यांच्या पावडरीनं पाच मिनिटांत नाणं लखलखतं, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तेवढ्याच वेळात निम्म्याहून खाली येते. नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या ज्या दोन अमेरिकन संस्था जगभर मानल्या जातात, १९८६ सालची पीसीजीएस आणि १९८७ सालची एनजीसी, त्या १ ते ७० अशा मोजपट्टीवर गुण देतात. घासलेल्या नाण्याला असा आकडा मिळत नाही. नाणं ज्या प्लास्टिकच्या पेटीत बंद होऊन परत येतं, तिच्यावर 'डिटेल्स' असा शेरा येतो आणि पुढे कारण: साफ केलेलं, ओरखडे, वातावरणानं झालेली हानी. एकदा हा शेरा बसला की तो त्या नाण्याला कायमचा चिकटतो.

मग पाठवण्याआधी नाण्याला हातच लावायचा नाही का? काही नाण्यांना लावावा लागतो. मऊ प्लास्टिकमधून उतरलेला हिरवा चिकटा, देव्हाऱ्यातलं तेल-कुंकू, सुटी माती, आतून धातू खात जाणारा कळंक यांतलं काही तसंच राहू दिलं तर नाणं पेटीत बंद झाल्यावरही खराब होत राहतं. इथे सांगितलेलं सगळं एका फरकावर उभं आहे. नाण्यावर बाहेरून येऊन बसलेली गोष्ट काढता येते. नाण्याच्याच धातूचं रूपांतर होऊन झालेली गोष्ट काढली की तिच्या जागी खड्डा उरतो. हिरवा डाग म्हणजे काल तांबं असलेला भाग. तो खरवडल्यानं तांबं परत येत नाही.

आधी बघा, मोजा, फोटो काढा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोनारांकडे असतं तेच चालतं. टेबलावर घडी घातलेला मऊ टॉवेल अंथरा, म्हणजे नाणं निसटलं तरी आपटणार नाही. नाणं नेहमी कडेनं धरा. एकाच बाजूनं येणाऱ्या दिव्याखाली ते हळूहळू तिरकं करत फिरवा. टांकसाळीची मूळ झळाळी शाबूत असेल तर प्रकाशाचा पट्टा गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्यावर गोल फिरतो. पूर्वी कुणी पुसलं-घासलं असेल तर एकाच दिशेच्या केसाएवढ्या बारीक रेघा चमकतात. अशा रेघा दिसल्या तर पुढचे कष्ट वाचवा. त्या कशानंही जात नाहीत आणि ग्रेडर त्या पाहणारच.

मग वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा स्वस्त मिळतो. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९०६ पूर्वीचा तांब्याचा पाव आणा साधारण ६.४७ ग्रॅमचा, त्यानंतर आलेला काशाचा ४.८६ ग्रॅमच्या आसपास. वजन लक्षणीय कमी भरलं तर एक तर नाणं फार झिजलं आहे, किंवा धातू गंजून गेला आहे, किंवा नाणं खोटं आहे. तिन्ही बाबतींत साफसफाईनं काही साधणार नाही. वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो आधी घेऊन ठेवा. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा फोटो काढले की आपण नाणं सुधारतोय की बिघडवतोय हे डोळ्यांना फसवता येत नाही.

पृष्ठभाग बघताना कोणत्या जागी काय असायला हवं हे आधी माहीत हवं. राणीछाप रुपयांत १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत तसंच छापलं जात राहिलं, आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर सालाच्या आसपास दिलेल्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखतात. हे ठिपके मळाच्या कणाएवढे असतात. टोकदार वस्तूनं 'घाण' म्हणून ते खरवडले तर नाण्याची ओळखच गेली. उलट कळंकाचा उंचवटाही ठिपका वाटू शकतो. शिवराईचं तर त्याहून नाजूक. पुष्कळ शिवरायांवर ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यानं 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यांतली अर्धीच अक्षरं उमटलेली असतात. कडेचे टिंब, अक्षराचं वळण यावरून संग्राहक त्यांचे प्रकार पाडतात. अक्षराची एक रेघ गेली तर प्रकार ठरवणंच अशक्य.

कुठली नाणी तशीच ठेवायची

जमिनीत शतकानुशतकं राहिलेल्या तांब्यावर गुळगुळीत, घट्ट, एकसंध असा हिरवा, तपकिरी किंवा काळपट थर चढतो. हा पॅटिना. शिवराईवर तो सुरेख दिसतो, आणि खालची अक्षरं बऱ्याचदा धातूत नाही, या थरातच टिकून असतात. तो उतरवला की लालसर, खडबडीत, अक्षरं पुसट झालेली चकती हातात येते. मी तर म्हणेन की शिवराईला सुटी माती काढण्यापलीकडे हात लावूच नये.

चांदीवरचा सोनेरी, निळसर, जांभळा रंगही तसाच. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ पापुद्रा येतो, त्याचे हे रंग. नैसर्गिक आणि सुंदर टोनिंगला ग्रेडर गुण कापत नाहीत, आणि लिलावात अशा नाण्याला जास्त बोलीही लागते.

तांब्याच्या नाण्यांत पेटीवर रंगाचाही उल्लेख असतो: ब्राऊन, रेड-ब्राऊन, रेड. जुन्या पैशाचा तपकिरी रंग हा दोष धरला जात नाही. ॲसिडानं आणलेला गुलाबी, नितळ लाल रंग मात्र अनुभवी डोळ्याला लगेच कळतो. टांकसाळीतला लाल आणि लिंबाचा लाल वेगळा दिसतो.

माळेसाठी कडी जोडलेली, कडी काढून जोडाची जागा घासलेली किंवा छिद्र बुजवलेली नाणी साफ करून आकडा मिळणार नाही. ती घरची आठवण म्हणून जपा.

सामान

शुद्ध ॲसिटोन, ९९ टक्के किंवा जास्त, प्रयोगशाळेच्या दर्जाचं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायन बाजारात, इतर शहरांत शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात पाणी, रंग, सुगंध आणि तेलं असतात. रंगाच्या दुकानातलं थिनरही नको, ते कशाकशाचं मिश्रण असतं.

डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्लोराइड हा तांब्याचा सगळ्यात मोठा वैरी. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. 'बॅटरीचं पाणी' म्हणून जे मिळतं ते क्षार काढलेलं असेल तर चालतं, पण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही विकतात आणि बाटल्या सारख्याच दिसतात. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

झाकण असलेल्या काचेच्या तीन-चार बरण्या, प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा, बांबूच्या काड्या किंवा टूथपिक, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, ओल शोषणारी सिलिका जेल. काही प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून बरण्या काचेच्याच.

ॲसिटोनबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेते, आणि ती जड असल्यानं जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात, पेटत्या समईजवळ, गॅसच्या खोलीत हे काम करू नका. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना लांब ठेवा, वापरलेलं ॲसिटोन मोरीत ओतू नका. नायट्राइलचे पातळ हातमोजे त्यात टिकत नाहीत, म्हणून बोटं बुडवायचीच नाहीत. नाणं चिमट्यानं घाला, चिमट्यानं काढा.

पहिली पायरी, आणि बऱ्याच नाण्यांची शेवटचीही

ॲसिटोन धातूशी झगडत नाही. ते तेल, चिकटपट्टीचा गोंद, काही प्रकारचं लॅकर आणि पीव्हीसीचा चिकटा विरघळवतं. ऑक्साइड, सल्फाइड किंवा तांब्याच्या कळंकाला ते हात लावत नाही. म्हणूनच सुरुवात त्यानं करायची: त्यानंतर जे उरतं ते खरोखर धातूचं रूपांतर आहे, हे कळून येतं.

पहिल्या बरणीत नाणं बुडेल एवढं ॲसिटोन. तळाशी नाणं आपटू नये म्हणून ते हळूच ठेवा, आणि एका बरणीत एकच नाणं. पंधरा-वीस मिनिटांनी बाजू पालटा. द्रव गढूळ किंवा पिवळट झाला तर समजा, काहीतरी सुटतंय. मग नाणं दुसऱ्या बरणीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये, आणि शेवटी तिसऱ्या बरणीत अगदी स्वच्छ ॲसिटोनमध्ये एक बुचकळी. शेवटची बुचकळी टाळू नका. पहिल्या बरणीतली विरघळलेली घाण नाण्यावर पातळ पापुद्र्यासारखी वाळते आणि झळाळी मंदावते. काढल्यावर नाणं कडेवर तिरकं टेकवून आपोआप वाळू द्या. पुसू नका, मायक्रोफायबरनंही नाही.

पीव्हीसीचा चिकटा ओळखायला सोपा आहे. मऊ, वाकणाऱ्या, नव्या रेनकोटसारख्या वासाच्या पाकिटांत वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट, बोटाला चिकटणारा थर येतो. ते प्लास्टिक कालांतरानं ॲसिड सोडतं आणि ते धातूवर चालत राहतं. असं नाणं ग्रेडिंग संस्था पेटीबंद करत नाहीत, कारण आतल्या आत ते खराब होत राहणार. वेळेवर सापडलं तर रात्रभराच्या ॲसिटोननं ते पूर्ण निघतं आणि खालचा धातू जसाच्या तसा असतो. उशीर झाला असेल तर चिकट्याखाली बारीक खड्डे पडलेले दिसतात.

पावसाळ्यात हे काम शक्यतो करू नका, निदान कोकणात आणि मुंबईत तरी. ॲसिटोन भराभर उडतं तेव्हा नाणं एकदम गार होतं आणि दमट हवेतलं दव त्यावर जमतं. कळंक धुवायला बसायचं आणि नवं पाणी चढवायचं, असं होतं. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की हाती घ्या, किंवा एसीच्या खोलीत करा. एसीच्या खोलीतही हवा खेळती हवी आणि ठिणगी टाळायला हवी.

देव्हाऱ्यातले रुपये

महाराष्ट्रात चांगल्या स्थितीतला चांदीचा रुपया बऱ्याचदा घरच्या देवांतच निघतो. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी बाहेर येतो, हळद-कुंकू वाहिलं जातं, पुन्हा डबीत जातो. वापरात न फिरल्यानं त्यावर झीज कमी असते, पण वरचा थर खास आपल्याकडचा असतो आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याच्याबद्दल काही मिळत नाही.

हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ॲसिटोनमध्ये आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. त्यामुळे पाण्यानं धुवायचा प्रयत्न फुकट. कुंकू पारंपरिक असेल तर हळद आणि चुन्याचं, बाजारातलं असेल तर रंगद्रव्य आणि भरण. रंग ॲसिटोनमध्ये सुटतो, पांढरट भुकटी राहते ती डिस्टिल्ड पाण्यात भिजवल्यावर सैल होते. ती चोळून काढू नका, कारण तिच्यात खरखरीत कण असतात. पाण्याखाली नाणं तिरकं धरून हळूच हलवलं की कण आपोआप घसरतात.

जुनं दिव्याचं तेल मात्र चिवट असतं. वर्षानुवर्षं हवेत राहून ते राळेसारखं घट्ट होतं आणि ॲसिटोनला दाद देत नाही. इथे झायलीन हे द्रावक काम करतं. तेही ज्वालाग्राही आणि वासानं डोकं चढवणारं, तेव्हा उघड्या हवेतच आणि झाकण लावून. दोन-तीन दिवस बुडवून ठेवावं, मग ॲसिटोनच्या दोन बरण्यांतून काढावं. शेंदूर तेलात कालवलेला असतो, त्याची गतही तीच. शेंदरात शिशाचं किंवा पाऱ्याचं संयुग असू शकतं, म्हणून त्याची सुटलेली पूड फुंकरीनं उडवू नका, बोटांना लागू देऊ नका, आणि नंतर हात साबणानं धुवा.

दरवर्षी ओल्या फडक्यानं पुसलेला देवांतला रुपया पुसल्याच्या रेघांनी भरलेला असतो. घरच्यांना हे सांगताना जपून सांगा. त्यांनी ते पूजेच्या भावनेनं केलेलं असतं.

तांबं आणि कासं: पाणी, वेळ, आणि पुन्हा पाणी

ॲसिटोननं तेलकटपणा निघाला की पुढचं पाऊल साध्या डिस्टिल्ड पाण्याचं. पावसाळी प्रदेशातून, किनाऱ्यावरच्या घरांतून, गोव्यातल्या जुन्या पेट्यांतून आलेल्या तांब्याच्या नाण्यांत मीठ शिरलेलं असतं. ते धुऊन काढणं हा त्यांच्यावरचा खरा उपचार.

नाणं पाण्यात ठेवा, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टीडीएस मोजा आणि ताज्या पाण्याशी ताडून पाहा. आकडा चढला असेल तर क्षार बाहेर येताहेत. पाणी बदला. पहिल्या आठवड्यात रोज, मग दोन-तीन दिवसांनी. आकडा ताज्या पाण्याएवढाच राहू लागला की थांबा. काही नाण्यांना चार दिवस पुरतात, काहींना महिना लागतो. मधूनमधून भिंगाखाली पाहा. उघड्या लालसर तांब्यावर पाण्यात राहून नवे डाग पडू लागले तर लगेच काढा. रेड किंवा रेड-ब्राऊन दर्जाची आशा असलेलं नाणं तर पाण्यात भिजवूच नका, ॲसिटोनच्या थोडक्या बुचकळ्यांवर थांबा.

पाण्यानं मऊ झालेली माती आणि सैल कळंक काढायला बांबूची काडी. बाभळीचा किंवा गुलाबाचा काटाही चालतो, तो टोकदार असूनही धातूपेक्षा मऊ असतो. सुई, ब्लेड, दंतवैद्याचं हत्यार अजिबात नको. आणि कसं काढायचं हे त्याहून महत्त्वाचं. तांब्याचा हिरवा कळंक पुष्कळदा मॅलाकाइट या खनिजाचा असतो, आणि मॅलाकाइट तांब्यापेक्षा कठीण आहे. म्हणजे सुटलेला हिरवा कण आडवा ओढला तर तोच तांब्यावर रेघ पाडतो. काडीचं टोक कणाच्या कडेखाली घालून वर उचला. चोळायचं नाही, सरकवायचं नाही. कण उचलला की नाणं पाण्यात बुडवून कण धुऊन जाऊ द्या आणि मगच पुढचा घ्या. एका बैठकीत चार-पाच कण निघाले तरी पुष्कळ झालं. एखादा कण हट्टानं सुटत नसेल तर तो धातूत रुजलेला आहे, त्याला सोडून द्या. एका ठिपक्यासह आकडा मिळालेलं नाणं ठिपका खरवडून 'डिटेल्स' झालेल्या नाण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

जुने संग्राहक ऑलिव्ह तेलात महिनोन् महिने नाणी भिजवत. तेलातली मेदाम्लं कळंकाबरोबर पॅटिनाही हळूहळू खातात, रंग बदलतात, आणि छिद्रांत तेल राहून पुढे पुन्हा हिरवं चढतं. ग्रेडिंगला जाणाऱ्या नाण्याला तेलही नको आणि मेणही नको. पृष्ठभागावर काही लावून दोष झाकल्याचं आढळलं की त्याचा वेगळा शेरा असतो.

फिकट हिरवी भुकटी दिसली तर

सगळ्या हिरव्या रंगांत हा एक धोक्याचा. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर स्थिर असतो. फिकट, जवळजवळ पोपटी-पांढरट, भुसभुशीत, काडी लावताच पीठ होणारा हिरवा ठिपका म्हणजे आत क्लोराइड कामाला लागलेलं आहे. तांब्याचं क्लोराइड दमट हवेशी संयोग पावून ॲसिड तयार करतं, ते ॲसिड ताज्या तांब्यावर चालून पुन्हा क्लोराइड बनवतं, आणि हे चक्र स्वतःच्याच बळावर फिरत राहतं. इंग्रजीतून आलेलं नाव 'ब्राँझ डिसीज', पण शुद्ध तांब्यालाही होतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली ठेवली की तो थंडावतो. मुंबईच्या जुलैत आर्द्रता ऐंशीच्याही वर असते, यावरून आपल्याकडे काय होतं ते समजा.

खात्री करायची असेल तर भुकटी काडीनं उचलून काढा, नाणं कोरडं करा आणि झाकणबंद डबीत ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी, त्याला न टेकवता, एक दिवस ठेवा. त्याच जागी पुन्हा फिकट भुकटी आली तर रोग जिवंत आहे. असं नाणं इतरांपासून लगेच वेगळं करा आणि ग्रेडिंगला पाठवायचा विचार सोडा. आता प्रश्न गुणांचा राहिला नाही, नाणं वाचवायचा आहे.

घरी करता येईल असा उपाय म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं पाणी: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट मिळून ५० ग्रॅम. दोन्ही प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्या, किराण्याच्या धुण्याच्या सोड्यात मीठ असू शकतं आणि तेच तर आपल्याला काढायचं आहे. द्रावण आठवड्याला बदलायचं, आणि हे काम आठवडे, कधी महिने चालतं. यात पॅटिनाचा रंग बदलू शकतो, निळसर छटा येऊ शकते. म्हणून हा उपाय प्रदर्शनाच्या नाही, जीव वाचवायच्या नाण्याचा. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड पाण्याचे बदल, ॲसिटोन आणि कोरडी पेटी. संवर्धनशाळांत यानंतर बेंझोट्रायाझोलचं संरक्षक आवरण देतात. ते रसायन आरोग्याला चांगलं नाही, घरी नको. नाणं मोलाचं असेल तर प्रशिक्षित संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी केली तर निदान दिशा मिळेल.

चांदीचं डिपिंग

बाजारात मिळणारं चांदी उजळायचं द्रावण बहुधा थायोयुरिया आणि ॲसिडाचं असतं. नाणं त्यात बुडवणं म्हणजे डिपिंग. ते द्रावण सल्फाइड विरघळवतं, आणि सल्फाइडमध्ये नाण्याचीच चांदी अडकलेली असते. टांकसाळीत ठसा दाबला जाताना धातू बाहेरच्या दिशेनं वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांनी प्रकाश विखुरतो, तीच झळाळी. प्रत्येक डिपमध्ये या रेषांची टोकं थोडी बोथट होतात. दोन-तीनदा डिप केलेलं नाणं पांढरं दिसतं, पण निर्जीव. ग्रेडर ते बरोबर ओळखतात.

म्हणून झिजलेल्या नाण्याला डिप कधीच नको. करड्या रंगाचा वापरलेला रुपया एकाएकी पांढराशुभ्र झाला की तो ओरडून सांगतो, मला साफ केलंय. ज्या नाण्यावर पूर्ण झळाळी आहे आणि तिच्यावर काळा, कुरूप, डागाळलेला थर चढलाय, तेवढ्याचाच विचार करावा, तोही स्वतः न करता. एनजीसीशी संलग्न एनसीएस आणि पीसीजीएसची रिस्टोरेशन सेवा हेच काम करतात, आणि तिथून थेट प्रतवारीकडे नाणं जातं. थर काळाकुट्ट आणि जाड असेल तर खाली झळाळी उरलेलीच नसते, तिथे व्यावसायिकही नकार देतात.

ॲल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि गरम पाणी हा प्रयोग चांदीच्या ताटासाठी ठीक. नाण्यावर तो मंद, पांढुरका, डागाडागाचा पृष्ठभाग सोडतो. १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत तर चांदी निम्मीच आहे, ४० टक्के तांबं आणि उरलेलं निकेल-जस्त. चांदीसाठी केलेला उपाय तिथल्या तांब्यावर वेगळाच उमटतो. त्यांना ॲसिटोनपलीकडे काही करू नका.

बाकीच्या धातूंना फार शब्द लागत नाहीत. ॲल्युमिनियमच्या एक-दोन-तीन-पाच पैशांना ॲसिडही खातं आणि सोडाही, ॲसिटोन तेवढं चालतं. त्यांवरचे पांढरे फोड जात नाहीत. निकेल आणि कुप्रो-निकेल कणखर असतात, बहुतेक वेळा त्यांवर दिसतो तो मळच. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा काशाचा, त्याला तांब्याचेच नियम. फक्त भोकाच्या आतल्या कडेत कळंक लपतो, तिथे भिंग नक्की लावा.

वाळवल्यानंतर लगेच पाठवू नका

काम संपल्यावर नाणं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर ठेवा आणि पुन्हा भिंगाखाली बघा. फिकट हिरवं काही उगवलं तर ते पेटीत शिरण्याआधी तुम्हालाच कळलेलं बरं. जेल रंग बदलणारी घ्या, म्हणजे ती केव्हा भरली हे दिसतं आणि तापवून पुन्हा वापरता येते.

पाकीट कडक, पारदर्शक पॉलिएस्टरचं घ्या, मायलार या नावानं मिळतं. प्लास्टिकबद्दल शंका असेल तर तांब्याची तार तापवून त्या प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे मोकळ्या जागी, धूर न हुंगता आणि ॲसिटोनची बाटली घराच्या दुसऱ्या टोकाला असताना करा. कडक पाकिटाच्या कडा नाण्याला घासतात, म्हणून ते आत ढकलू नका, पाकीट दाबून तोंड उघडा आणि नाणं अलगद सोडा. स्टेपल करायचं असेल तर पिना नाण्यापासून लांब, आणि चपट्या करून.

पाठवण्याआधी कायद्याकडे बघणं तितकंच गरजेचं. पुरातन वस्तू व कला संपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई, राणीछाप रुपया, कंपनीचा पाव आणा, पाचव्या जॉर्जचं १९१८ चं नाणं, ही सगळी त्यात येतात. ती अमेरिकेच्या पत्त्यावर कुरिअरनं धाडणं गुन्हा आहे, कुणी 'सगळे पाठवतात' म्हणालं तरी. देशात राहून जी प्रतवारी होईल तीच करून घ्या. आणि नाणी शेतात नांगरताना किंवा घराच्या पायात सापडली असतील तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. अशी नाणी तर धुऊही नका. त्यांना चिकटलेली माती, कापडाचे धागे, ती एकमेकांवर कशी रचली होती, यावरून अभ्यासकांना तो ठेवा कधी आणि कसा पुरला गेला ते वाचता येतं.

पाठवायच्या प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी स्वतःकडे ठेवा: आधीचं वजन, नंतरचं वजन, कोणत्या तारखेला काय वापरलं, किती वेळ, आणि काय मुद्दाम सोडून दिलं. पुढे नाणं विकलंत तर ही चिठ्ठी घेणाऱ्यालाही द्या.